जुळ्यातली एक

इया तायवोने कोपर बुडवून पाणी किती ऊन आहे ते पाहिलं, तायवोला डाव्या हातावर आडवं घेतलं आणि तिच्या तोंडावरून ओला हात फिरवला. डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून कपाळावर तळहाताचा आडोसा धरला होता. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत न्हाऊ घालणारी बाई धरते, अगदी तसाच.

तायवो लाकडाची होती. वीतभर उंचीची, टपोऱ्या डोळ्यांची, उंच अंबाड्याची बाई. हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले. अंबाड्याला कपड्यांची नीळ चोळलेली, अंगाला तांबड्या लाकडाची पूड. आणि चेहरा इतका झिजलेला, की नाकाच्या जागी नुसता उंचवटा उरला होता.

"क्या बात है!" बापूमामा माझ्या कानाशी कुजबुजले. "नाक बघितलंस? राहिलेलंच नाही. अस्सल माल."

मला तो 'माल' शब्द खटकला. पण मामेसासरे पडले. 

ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. नायजेरियात, इबादानच्या उत्तरेला ओके-ओदो नावाच्या गावी आम्ही दोघं चार वर्षं होतो. हे तिथल्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर आणि मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. इया तायवो आमच्या कुंपणापलीकडे राहायची आणि शाळेच्या फाटकाशी चवळीच्या पिठाचे वडे तळायची. इया म्हणजे आई. तिला जुळ्या मुली झाल्या होत्या, तायवो आणि केहिंदे. त्यातली तायवो तीन महिन्यांची असताना तापाने गेली. मग तिथल्या रीतीप्रमाणे सुताराकडून तिची मूर्ती कोरून घेतली आणि त्या दिवसापासून इया तायवो दोन मुली वाढवत आली. केहिंदेला आंघोळ घातली की तायवोला आंघोळ. केहिंदेला नवा फ्रॉक शिवला की उरलेल्या कापडाचा तायवोला फ्रॉक. केहिंदे आता सत्तावीस वर्षांची झाली होती, सरकारी दवाखान्यात नर्स होती, पण नाताळात तिच्यासाठी गुलाबी फुलांचं कापड घेतलं तेव्हा आईने वीतभर जास्तच घेतलं होतं. दर रविवारी दोघी मायलेकी चर्चला जायच्या आणि परत येऊन तायवोला भरवायच्या. या दोन्हींत इया तायवोचं कधी काही अडलं नाही.

बापूमामा म्हणजे यांचे सख्खे मामा. एरंडवण्यात मोठा बंगला, छापखान्यांच्या यंत्रांचा धंदा आणि डोक्यात संग्रहालयाचं खूळ. यांचे वडील लवकर गेले, तेव्हा यांना घरी ठेवून इंजिनिअर केलं ते मामांनीच. त्यामुळे मामांपुढे आमच्या ह्यांची मान कायम थोडी वाकलेली. मामा महिनाभर पश्चिम आफ्रिकेत मुखवटे आणि मूर्ती गोळा करत फिरत होते आणि परतीच्या वाटेवर चार दिवस आमच्याकडे उतरले होते. सोबत एक मोठं लाकडी खोकं होतं. त्यात काय आहे ते आम्ही विचारलं नाही, त्यांनी दाखवलं नाही.

तायवोला बघायचा त्यांचा हट्ट होता. येताना रस्त्यात मी त्यांना बजावलं होतं, "मामा, रिकाम्या हाताने जायचं नाही हं. आपण बाळ बघायला गेलो की त्याच्या हातावर काहीतरी ठेवतो ना, तसं इथे तायवोपुढे ठेवतात."

"अरे वा! ठेवू की. त्यात काय!" मामा म्हणाले होते.

तर आंघोळ झाली. इया तायवोने तायवोला टिपलं, पूड लावली, गुलाबी फ्रॉक घातला आणि भिंतीशी छोट्या पाटावर उभी केली. मामांनी खिशातून कोरी नोट काढून तिच्या पायाशी ठेवली. इया तायवो चटकन गुडघ्यांवर बसली आणि हात वर करून बराच वेळ काहीतरी म्हणत राहिली. केहिंदेने हसत हसत इंग्रजीत सांगितलं, "आई म्हणते, बाबा, तुम्ही माझ्या मुलीची आठवण ठेवलीत. तुमच्या घरात जुळी जन्माला येवोत."

"या वयात?" मामा म्हणाले आणि आम्ही सगळेच हसलो. मग इया तायवोने शिजवलेल्या चवळ्या आणल्या, तांबड्या पाम तेलातल्या. जुळ्यांना चवळ्या आवडतात म्हणे. आधी तायवोच्या तोंडाला लावल्या, मग मामांना ताटली दिली. मामांनी चाटूनपुसून खाल्ल्या. असा दिलदार पाहुणा बघून मलाही बरं वाटलं.

रात्री जेवताना मामांची कळी खुलली होती. ते यांना सांगत होते, "दिगंबर, बाजारात या बाहुल्या पोत्याने मिळतात. सगळ्या नकली! चहाच्या पाण्यात बुडवतात, काचकागदाने घासतात, चुलीवर धुरी देतात आणि सांगतात, शंभर वर्षांची आहे. पण खरी झीज नकलेत येत नाही. वर्षानुवर्षं रोज एकाच हाताने तोंड पुसलं, घास भरवला, की लाकूड जे गुळगुळीत होतं ना, ते आईच्या हाताशिवाय होत नाही. ती झीज बोटाला कळते."

किती छान बोलले, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारचं जेवण करून मामा लेगॉसला निघणार होते. मी सकाळपासून प्रवासासाठी पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी करत होते. मामा 'पाय मोकळे करून येतो' म्हणून बाहेर गेले आणि थोड्या वेळाने परतही आले. खोलीतून हातोडीचे आवाज ऐकू आले. सामान बांधत असतील, म्हणून मी लक्ष दिलं नाही. गॉडविन ड्रायव्हरने आणि यांनी मिळून खोकं उचलून प्यूजो गाडीत ठेवलं.

डबा द्यायला मी मामांच्या खोलीत गेले. मामा आंघोळीला गेले होते. सामान गुंडाळायला मी त्यांना माझी दोन जुनी पातळं दिली होती, त्यांच्या उरलेल्या चिंध्या जमिनीवर पडल्या होत्या. आणि त्या चिंध्यांत एक गुलाबी फुलांचा फ्रॉक. माझ्या तळहाताएवढा.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी फ्रॉक उचलला आणि न्हाणीघराच्या दारावर थाप मारली. सासऱ्याच्या न्हाणीघरावर सुनेने थाप मारायची नसते वगैरे सगळं नंतर आठवलं.

मामा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले. "काय गं, घर पेटलं का?"

"मामा, हा फ्रॉक इथे कसा?"

त्यांनी फ्रॉककडे पाहिलं आणि शांतपणे केस पुसत राहिले. "अगं, तो काढूनच टाकावा लागतो. अंगावर हे असलं काही असलं की मूर्तीची घडण दिसत नाही."

"तुम्ही तायवोला घेऊन आलात? त्या चर्चला गेल्या असताना?"

"म्हातारी होती की घरात. तिच्या सासूबाई असतील. मी नमस्कार केला, मूर्ती दाखवली, उचलली. त्या हसल्या."

"त्यांना दिसत नाही, मामा! दोन्ही डोळ्यांना पडदा आहे!"

"हे बघ, सूनबाई, आवाज चढवू नकोस." मामा खुर्चीत बसले. "काल मी तुझ्यादेखत पैसे दिले. तिने घेतले. हात वर करून आशीर्वाद दिला. मला जेवू घातलं. या लोकांत पावती नसते, हाच यांचा व्यवहार. काल सौदा झाला, आज मी माल उचलला."

असा साळसूदपणा मी आयुष्यात पाहिला नव्हता. "सौदा? मी स्वतः तुम्हाला सांगितलं होतं, बाळाच्या हातावर ठेवतात तसं आहे म्हणून!"

"तू सांगितलंस. तिने कुठे सांगितलं?"

आवाज ऐकून हे आत आले होते. मी त्यांच्याकडे वळले. "ऐकलंत? यांच्या बारशाला ज्यांनी ज्यांनी हातावर रुपया ठेवला असेल मामा, त्यांनी यांना विकत घेतलं का? मग यांना न्यायला अजून कुणी आलं कसं नाही?"

"दिगंबर, बायकोला आवर," मामा म्हणाले.

"अगं, जरा हळू," हे म्हणाले. "मामा थोड्या वेळात निघणारच आहेत."

"निघणार आहेत म्हणूनच ओरडतेय!"

मामांनी सुस्कारा सोडला. शिकलेल्या माणसाने अडाण्यापुढे सोडावा तसा. "प्रमिला, जरा डोकं शांत ठेवून विचार कर. इथे काय होणार आहे त्या मूर्तीचं? ही बाई उद्या गेली की पोरगी ती अडगळीत टाकेल. वाळवी खाईल. माझ्याकडे काचेच्या कपाटात राहील. दिवा असेल वर. माणसं लांबून बघायला येतील. कुणी हातसुद्धा लावणार नाही."

"हात लावला म्हणून तर ती तशी झाली! कालच तुम्ही म्हणालात, आईच्या हाताशिवाय ती झीज येत नाही. ठाऊक असून उचललीत?"

"ठाऊक आहे म्हणूनच उचलली. नकली कशाला उचलू?"

 अज्ञानाने केलं असतं तर समजावता आलं असतं. या माणसाला सगळं समजत होतं. आईची माया त्याला बोटाने चाचपून ओळखता येत होती आणि तिचीच तो पारख करत हिंडत होता. मी यांच्याकडे बघितलं. हे चष्मा पुसत होते. मी फ्रॉक मुठीत धरला आणि तरातरा फाटकाकडे निघाले.

फाटकातच त्या दोघी भेटल्या. इया तायवोच्या डोक्यावरचा चर्चचा फेटा अर्धवट सुटलेला, छाती धपापत होती.  माझ्या मुठीतून बाहेर आलेली गुलाबी कड तिने पाहिली आणि माझ्या हातातून फ्रॉक ओढून घेतला. केहिंदेच्या हातात मात्र एक पत्र्याची ट्रंक होती.

"कुठे आहे ती?" केहिंदेने विचारलं.

"गाडीत. खोक्यात. खिळे मारलेत," मी म्हटलं. "केहिंदे, मी सांगत होते त्यांना, मी..."

"तुमच्यावर राग नाही, मॅडम," ती म्हणाली आणि सरळ प्यूजोकडे चालू लागली. मागचं दार उघडलं, ट्रंक आत ढकलली आणि खोक्याशेजारी जाऊन बसली. तिच्या अंगावर तोच गुलाबी फुलांचा पोशाख होता. झग्याचा घोळ नीट आवरून घेतला, हात मांडीवर ठेवले, नजर समोर.

मामा ओसरीवर आले. "हे काय? कोण बसलंय गाडीत?"

"गुड आफ्टरनून, सर," केहिंदे आतूनच म्हणाली. "मी तयार आहे."

"कशाला तयार?"

"तुमच्या गावाला यायला. आजीने सांगितलं, पाहुणे येऊन गेले. तायवो जागेवर नव्हती. तुम्ही तिला विकत घेतलंत ना?"

"घेतलंय. रीतसर पैसे देऊन. तुझ्यासमोर दिलेत."

"हो, मी पाहिलं. म्हणून तर आले. आम्ही जुळ्या आहोत, सर. एका आईच्या, एका दिवशीच्या. एक विकली आणि एक ठेवली, असं होत नाही. तुम्ही दोघींना घेतलंत."

मामा हसले. जरा जोरातच हसले आणि इंग्रजीतच यांना म्हणाले, "दिगंबर, हिला समजाव. म्हणावं, ती लाकडाची आहे."

"काल तुम्ही लाकडापुढे पैसे ठेवलेत?" केहिंदेने विचारलं. "आईने लाकडासाठी आशीर्वाद दिला? मग आशीर्वादाचा सौदा झाला कसा? तुम्हीच ठरवा, सर. लाकूड असेल तर काल काही झालंच नाही. आणि मुलगी असेल, तर मी आहे. चला, उशीर होतोय."

चर्चहून परतणारी माणसं एव्हाना फाटकाशी थबकली होती. रविवारचे कडक कपडे, हातात बायबल. कुणी ओरडत नव्हतं, कुणी आतही येत नव्हतं. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई गं, उतर खाली. तमाशा करू नकोस. मी तुमच्या घरी पाहुणा म्हणून आलो, तुमचं अन्न खाल्लं..."

"आठवतंय मला. ताटली मीच उचलली," केहिंदे म्हणाली. तिचा आवाज अजूनही दवाखान्यातल्यासारखा शांत होता. "या किनाऱ्यावरून माणसं विकत घेऊन गेलेले लोक आम्हाला नवे नाहीत, सर. तेही आधी आमच्याकडे जेवले होते."

मामांचा चेहरा पडला. "गॉडविन," ते खेकसले, "गाडी सुरू कर!"

गॉडविनने बोनेटवर हात ठेवून पाहिला. सकाळपासून ती गाडी जागची हलली नव्हती. "इंजिन फार तापलंय, मास्टर," तो अदबीने म्हणाला, किल्ली खिशात टाकली आणि आंब्याच्या सावलीत जाऊन बसला.

मी यांच्याकडे पाहिलं. हे ओसरीच्या पायरीवर उभे होते, मामांच्या एक पायरी खाली. मला वाटलं, आता तरी बोलतील. बोलले नाहीत, पण आत गेले आणि खिळे उपटायची पक्कड घेऊन आले. मामांकडे न बघता गाडीशी गेले. त्या माणसाच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं बंड असेल.

"काढ, काढ," मामा म्हणाले. "द्या त्यांचं लाकूड त्यांना. मला कमी नाहीत."

खोकं खाली उतरवलं. खिळे कुरकुरत निघाले. माझ्या पातळाच्या तुकड्यांत गुंडाळलेली एकेक पुडी हे बाहेर काढून जमिनीवर ठेवत गेले आणि पाचव्या की सहाव्या पुडीतून निळा अंबाडा दिसला. इया तायवोने झडप घालून ती उचलली. आधी उलटीसुलटी करून पाहिली, कुठे लागलं तर नाही ना म्हणून. मग तिथेच मातीत बसून तिला फ्रॉक घातला, मागची बटणं लावली आणि कमरेच्या वस्त्रात खोचून वरून गाठ मारली. केहिंदे ट्रंक घेऊन खाली उतरली. फाटकाशी उभ्या असलेल्यांतली एक बाई गाऊ लागली, मग दुसरी. मला रडू आलं. सुटलो बाई, असं मी मनात म्हटलं.

पण इया तायवो उठली नाही. जमिनीवरच्या बाकीच्या पुड्यांकडे ती बघत होती. एका पुडीची गाठ सैल झाली होती. तिने ती सोडली. आत एक बाहुली होती, झिजलेल्या तोंडाची. तिने दुसरी सोडली. तीही तशीच. तिसऱ्या बाहुलीचं तर तोंडच राहिलं नव्हतं, नुसता गुळगुळीत गोटा. एकूण पाच निघाल्या, सगळ्या उघड्या. कमरेच्या मण्यांखेरीज अंगावर काही नाही. कुणाच्या अंबाड्याची नीळ अजून ताजी होती, बोटाला लागत होती.

गाणं थांबलं. इया तायवोने त्या पाचही जणी एका ओळीत निजवल्या आणि एकेकीच्या तोंडावरून हात फिरवत हाका मारू लागली. तायवो. केहिंदे. तायवो. नावं कुणाला विचारायची तिला गरज नव्हती. त्या मुलखात जुळ्यांची नावं ठरलेलीच असतात, आधी येणारी तायवो, मागून येणारी केहिंदे. मग तिने मान वर करून मामांना काहीतरी विचारलं. रागाने नाही, पोर हरवलेलं सापडलं की आपण विचारतो तसं.

"आई विचारते," केहिंदे म्हणाली, "यांच्या जोडीच्या कुठे आहेत? आणि यांच्या आया?"

मामा घड्याळाला किल्ली देत होते. "ते मला कसं ठाऊक असणार?" ते म्हणाले. "सगळ्यांचे पैसे दिलेत मी. तिथेही दिलेत. हिच्यासारखेच."

हिच्यासारखेच.   केहिंदेने ते आईला सांगितलं नाही.

मग जे झालं ते सांगताना अजूनही मला संताप येतो. मामांनी स्वतः वाकून त्या पाच जणी उचलल्या, माझ्या पातळात गुंडाळल्या आणि खोक्यात टाकल्या. मी खोक्याचं झाकण धरून ठेवलं. "हे माझ्या घरातून जाणार नाही," असं मी ओरडलेही. मामांनी माझा हात बाजूला केला. त्या पाचांसाठी गाडीत येऊन बसायला कुणी केहिंदे नव्हती. असत्या, तर त्या कुठल्या कुठल्या गावी असत्या आणि आपली बहीण कुठे गेली म्हणून घरातले कोपरे शोधत असत्या. फाटकातल्या माणसांनाही काय करावं ते कळेना. दुसऱ्यांची मुलं होती, कुणाची ते ठाऊक नव्हतं. किल्ली गॉडविनने दिली नाही, तर मामांनी मोटार पार्कच्या अड्ड्यावरून टॅक्सी मागवली. जाताना ते माझ्या पुऱ्यांचा डबा विसरले नाहीत.

धुरळा खाली बसला. इया तायवो अजून तिथेच, मातीत. तिला वाटलं असावं, म्हाताऱ्याला तिचं बोलणं ऐकू आलं नाही, किंवा मुलीने नीट सांगितलं नाही. ती यांच्याकडे वळली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. एकेक शब्द सावकाश उच्चारून, बोटाने रस्त्याकडे दाखवून.

हे माझ्याकडे बघायला लागले. दर वेळी बघत असत तसे, तू बघ ना काहीतरी, म्हणून.

"माझ्याकडे काय बघता?" मी म्हटलं. "मामा तुमचे. सांगा तिला."